‘कुठी चाल्ला?’ला उत्तर काय द्यायचं : ऑटिझम, एडीएचडी असणाऱ्यांसाठी विदर्भातल्या गावात मैत्री जोडायची रीत

"कुठी चाल्ला भाऊ?" अशी हाक आली की ऑटिझम असलेला, म्हणजे बोलण्यातला आडवा अर्थ चटकन न पकडणारा पोरगा सायकल थांबवतो आणि खरंखुरं उत्तर द्यायला लागतो. आधी गिरणीवर, दळण टाकून सोसायटीत, तिथून मावशीकडे, कारण मावशीची शेळी परवापासून चारा खात नाही... विचारणारा तोवर दुसऱ्याशी बोलू लागलेला असतो. पोराला वाटतं, विचारलं तर ऐकत का नाही? विचारणाऱ्याला वाटतं, हे पोरगं जरा तसंच आहे. तो प्रश्न नव्हताच मुळी, तो रामराम होता. "इथंच, येतो जरा" एवढं म्हणायचं आणि पायडल मारायचं.

डेमियन मिल्टन या ब्रिटनमधल्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये हेच मांडलं: ऑटिस्टिक आणि इतर माणसं यांच्यात गैरसमज होतो तो दोन्हीकडून होतो, एकाच बाजूत खोट नसते. म्हणून पुढे जे सांगितलं आहे त्यात स्वभाव बदलायचा सल्ला नाही. गावच्या बोलण्याकडे परक्या भाषेसारखं बघायचं, तिची नेहमीची वाक्यं पाठ करायची, आणि जिथे हाताला काम आहे अशा जागेपासून मैत्रीची सुरुवात करायची.

पाठ करायची वाक्यं

"जेवला काय?" हाही रामरामच. "हो, झालं. तुमचं?" इथे संपतं. भाजी कोणती होती ते विचारल्यावरच सांगायचं. अभिवादन जे आलं तेच परत करायचं: राम राम आलं तर राम राम, जय भीम आलं तर जय भीम, जय गुरू आलं तर जय गुरू.

निघताना "जातो" म्हणू नये, अपशकुन मानतात. परत यायचं नसलं तरी "चला, येतो" म्हणायचं. हे खोटं बोलणं नव्हे, त्या शब्दाचा तिथे अर्थच ‘निघतो’ असा आहे.

चहाला पहिल्यांदा "नको" म्हटलं की ती रीत समजली जाते आणि चहा येतोच. खरंच नको असेल तर कारण आणि पर्याय एका दमात द्यावा: "आत्ताच घेतला, पानी द्या फक्त."

"ये ना घरी एखाद्या दिवशी" हे आमंत्रण नाही. यावर विश्वास ठेवून दुसऱ्या दिवशी दारात उभं राहिल्याने अनेकांची फजिती झालेली असते. ओळखायची खूण सोपी: वार, वेळ किंवा जेवण यापैकी काही सांगितलं आहे का? "रविवारी वावरात रोडगे हायेत, दहा वाजता ये" हे आमंत्रण. बाकी सगळं गोड बोलणं, त्याला "हो, येतो ना" एवढं पुरे.

आणि "बे". हा शब्द बरोबरीच्या मित्राला चालतो, तोही त्याने आधी तुम्हाला म्हटला असेल तर. मोठ्यांना, सासुरवाडीत, तलाठ्यासमोर अजिबात नाही.

जागा निवडताना

पानटपरी सुरुवातीला टाळा. तिथे विषय दर मिनिटाला बदलतो, गाड्यांचा आवाज असतो, येणाराजाणारा थट्टा करून निघून जातो. शिवाय खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. पन्नीत घोटलेला खर्रा पुढे करणं ही इथली दोस्तीची खूण झाली आहे आणि नाही म्हणणं अवघड वाटतं. दरवेळी तेच वाक्य, त्याच आवाजात: "मले जमत नाही." भाषण देऊ नका, कॅन्सरचे आकडे सांगू नका. खिशात फुटाण्याची पुडी ठेवा आणि ती पुढे करा. वाटून खाणं महत्त्वाचं, काय खातो ते चार दिवसांत कोणी विचारत नाही.

चांगली जागा म्हणजे जिथे वेळ ठरलेली, क्रम ठरलेला आणि हाताला काम. तुकडोजी महाराजांनी सुरू केलेल्या गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना या बाबतीत फार सोयीची आहे. रोज एकच वेळ, तेच शब्द, तीच बसायची जागा. सगळे समोर बघून बसतात, डोळ्यात डोळे घालायचा प्रश्न येत नाही. पंधरा मिनिटं आधी पोहोचा, सतरंजी अंथरायचं काम मागून घ्या. संपल्यावर ती झटकून घडी घालायला दोन माणसं लागतात. चार कोपरे, दोघं, समोरासमोर येणं, परत मागे जाणं. या दोन मिनिटांत जे बोलणं होतं ते पारावरच्या तासाभरापेक्षा सोपं असतं, कारण हात गुंतलेले असतात आणि घडी झाली की संवादही आपोआप संपतो.

धार्मिक ठिकाणी मन रमत नसेल तर अभ्यासिका, कबड्डीचं मैदान (खेळता येत नसेल तर गुण लिहायचं काम), पंगतीत पाणी वाढणं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागतात. गावात नाटक आलं की मंडळाला खुर्च्या मांडायला, तिकिटं फाडायला माणसं हवीच असतात. नाटक रात्रभर चालतं आणि भोंग्यांचा आवाज मोठा, तेव्हा मांडणीचं काम घ्या आणि पहिल्या अंकानंतर घरी या.

मुलींना पार आणि टपरी दोन्ही बंद. त्यांच्यासाठी शिवणक्लास, बचत गटाची बैठक (हिशेबाची वही हे उत्तम काम) आणि भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी होतात. गाणी ठरलेली, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ: गोड की तिखट, ओला की सुका. बोलायचं काय हे खेळच सांगतो.

पारावर चाललेल्या गप्पांत शिरायचं कसं

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात किशोरांसाठी ‘पीअर्स’ नावाचं प्रशिक्षण तयार झालं आहे. चाललेल्या गप्पांत शिरायचे टप्पे त्यात पाडून दिले आहेत. पारावर ते असे बसतात:

१. पाचसहा पावलांवर थांबा. हातात काहीतरी असू द्या, पेपर किंवा मोबाईल. नुसतं उभं राहून टक लावलं तर लोक अस्वस्थ होतात.

२. एक-दोन मिनिटं ऐका. विषय कळला? कापसाचा भाव, बोंडअळी, एसटी बंद पडली? त्यातलं काही ठाऊक नसेल तर आज नको.

३. जवळ जा, कडेला बसा. मधली जागा म्हाताऱ्यांची.

४. बोलणं थांबेल, कोणी थुंकायला उठेल, हसणं ओसरेल, तेव्हा त्याच विषयावरचं एक वाक्य. "वर्ध्याले काल काय भाव निघाला?" नवा विषय काढू नका, चुका दुरुस्त करू नका. भाव शंभर रुपयांनी चुकीचा सांगितला असला तरी पहिल्या दिवशी गप्प.

५. बघा: कोणी तुमच्याकडे वळून उत्तर दिलं, सरकून जागा केली? बसा. कोणीच वळलं नाही तर आणखी एक मिनिट थांबून "चला, येतो".

पाचवा टप्पा हमखास चुकतो. प्रतिसाद आला नाही की माणूस तेच वाक्य मोठ्याने म्हणतो. निम्म्या वेळी शिरकाव होत नाही असं धरूनच जावं. दुसऱ्या दिवशी पार तिथेच असतो.

आवडीच्या विषयाचं काय? कोणाला एसटीचं सगळं वेळापत्रक पाठ असतं, कोणाला ट्रॅक्टरचं प्रत्येक मॉडेल, कोणी रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहून ठेवतं. हे लपवू नका, गावाला ते उपयोगी आहे. फक्त तीन वाक्यं झाली की प्रश्न: "तुमच्या वावरात किती पडला?" उत्तर लांब आलं तर आणखी तीन वाक्यं. उत्तर "हं", "बरं", "असंन" असं आलं, नजर मोबाईलवर गेली, पाय चप्पल शोधू लागला, गाडीचं स्टँड निघालं, की थांबा. अर्धं वाक्य सोडून द्यायला त्रास होतो हे खरं. घरी जाऊन ते वहीत पूर्ण करा.

एडीएचडी असणाऱ्यांचं, म्हणजे ज्यांना लक्ष टिकवणं आणि घाई आवरणं जड जातं त्यांचं, वेगळं. त्यांना गप्पांत शिरायला अडचण नसते, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय असते. बोलायचं ते विसरेल या भीतीने ते घाई करतात. अंगठा मुठीत दाबून धरा, म्हणजे एक मुद्दा बाकी आहे याची आठवण राहते. तोडलंच तर "तुमचं राह्यलं, बोला" असं म्हणून बोलणं परत द्या. वेळ विसरण्यावर उपाय एकच: भेटीच्या एक तास आणि पंधरा मिनिटं आधी, असे दोन गजर.

पहिले काही आठवडे ४० मिनिटांची मर्यादा ठेवा. आवाज टोचायला लागले, उत्तर सुचेनासं झालं, की मर्यादा त्याआधीच संपली. लग्नात डीजेपासून लांब, मंडपाच्या स्वयंपाकाकडच्या बाजूला थांबा, कानात बोळे घाला, पहिल्या पंगतीला बसा. दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका.

ओळखीतून मैत्री

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात साधारण ५० तास एकत्र गेले की ओळखीचा माणूस साधा मित्र होतो, २००च्या वर तास गेले की जिवलग, असं दिसलं. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास भेटलात तर ५० तासांना आठ महिने लागतात. जूनच्या पेरणीपासून कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत. दोन महिन्यांत "कोणी मित्रच होत नाही" म्हणणाऱ्याने हा हिशेब करून बघावा. त्याच अभ्यासात नुसतं कामावर शेजारी असल्याचे तास फारसे कामी येत नाहीत असंही निघालं. म्हणजे सतरंजीची घडी आत जायची वाट आहे, तिथेच थांबायचं नाही. तीनचार आठवड्यांनी कामाबाहेरचं बोलावणं करायचं, आणि त्यात चार गोष्टी हव्यात: वार, वेळ, कशासाठी, संपणार कधी. "बुधवारी बाजारात चाललो, नऊच्या गाडीनं. येतं काय? बाराच्या गाडीनं वापस."

"बुधवारी नाही, पुढच्या येतो" हा होकार. नुसतं "पाहू" दोनदा आलं तर महिनाभर विचारू नका. व्हॉट्सअ‍ॅपलाही हाच नियम: दोन संदेशांना उत्तर नाही तर तिसरा नको. वाचायला-लिहायला जड जात असेल तर आवाजी संदेश पाठवावा, तीस सेकंदांच्या आत.

मित्राला आपल्याबद्दल सांगायचं तर निदानाचं नाव पहिल्या दिवशी लागत नाही. "मले लय आवाज सहन होत नाही, म्हणून मी मधातच उठून जातो. राग नसते." एवढ्याने त्याचा निम्मा गैरसमज जातो.

थट्टा मैत्रीची आहे की छळ आहे, हे तीन प्रश्नांनी ठरवा. तुम्ही उलट चिडवलं तर चालतं का? "हे नाव नको घेऊ" म्हटल्यावर थांबतो का? दोघंच असताना तो नीट वागतो का? दोन उत्तरं ‘नाही’ अशी आली तर तो मित्र नाही. पैशाचा नियम याहून कडक ठेवा. चहा एकदा त्याने, एकदा तुम्ही. सलग तीन वेळा तुमच्याच खिशातून गेला तर चौथ्यांदा खिशात पैसे नेऊ नका. उसने २०० रुपयांवर नाही. आणि आधार, पासबुक, एटीएम, ओटीपी, स्वतःच्या नावाचं सिम हे कोणालाही नाही, कितीही जिवलग असो. दुसऱ्याच्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवणारे अशा एकट्या, भोळ्या माणसांच्याच शोधात असतात आणि पोलीस ज्याचं खातं त्याच्या दारी येतात.

आईबापांसाठी दोनच गोष्टी. चारचौघांत "याले जरा सोबत घेत जा रे" म्हणू नका. एखाद्या चुलतभावाला गाठून एक ठरावीक काम दोघांना द्या. आणि "लग्न केलं की सुधरते" हा प्रयोग कोणाच्या पोरीवर करू नका. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित जड जाणं) या दोन्ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहेत. प्रमाणपत्रासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. तिथल्या रांगेत अशाच पोरांचे आईबाप भेटतात. मन फारच खचलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिली वही. बोलून झाल्यावर घरी येऊन एकाच ओळीत लिहायचं: कोण, काय म्हणाला, पुढे काय विचारायचं. ‘मंगळवार. त्याचा ढवळ्या बैल बसला, डॉक्टर बोलावला.’ गुरुवारी जाताना ओळ वाचून जायची आणि बाकी काही सुचलं नाही तरी चालेल, एवढं विचारायचं: "ढवळ्या उठला काय?"