लार्प पहिल्यांदा खेळायचंय? कोल्हापुरातनं सुरुवात करणाऱ्यांसाठी

लहानपणी गल्लीत चोर-पोलीस खेळताना आपण दोन तास खरंच पोलीस असायचो बघा, आई जेवायला हाका मारून दमायची तरी घरात जायचो नाही. लार्प म्हणजे तेच, फक्त मोठ्या माणसांनी, गोष्ट ठरवून आणि नियम लावून खेळलेलं. लाइव्ह ॲक्शन रोल-प्ले. एक कॅरेक्टर घ्यायचं, त्याचे कपडे घालायचे आणि तीन तास नाहीतर तीन दिवस त्याच्यासारखं बोलायचं-वागायचं, पाठ केलेले डायलॉग नाहीत आणि समोर प्रेक्षकबी नाहीत. बाहेर हे जुनं आहे, अमेरिकेत डॅगोर्हिर नावाच्या ग्रुपवाले १९७७ पासून फोमच्या तलवारींनी लढायलेत, इंग्लंडमध्ये १९८२ ला पेकफर्टनच्या किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप नावाचा लार्प सुरू झाला, आणि नॉर्डिक म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडच्या देशातले लोक १९९७ पासून दरवर्षी जमून लार्प कसा लिहायचा कसा खेळायचा यावर बोलतात. त्यांच्याकडं तलवार नसलेले, नुसत्या बोलण्यावर चालणारे लार्प पण लै आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिला गेम तसाच करावा.

आपल्या गावात ग्रुप कधी निघतोय याची वाट बघत बसू नका. आठ माणसं जमली की झालं, त्यातला एक गेम मास्टर, म्हणजे गोष्ट लिहिणारा आणि खेळताना अडलं-नडलं बघणारा. कोल्हापुरात माणसं मिळायला अवघड नाही, एकांकिका करणारी पोरं-पोरी आहेत, मर्दानी खेळातले आहेत, ट्रेकवाले आहेत. फक्त प्रत्येकाची सवय वेगळी. नाटकवाले भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं बोलतात, त्यांना सांगायचं की समोरच्या माणसाशी बोल, बघायला कोणी बसलेलं नाही. मर्दानी खेळवाल्यांचा हात लै तयार असतो, त्यांना वार रोखायचा म्हणजे काय ते आधी नीट दाखवायला लागतंय.

गोष्ट कुठली घ्यायची? आम्ही घेतलेली सांगतो. १६६० चा पावसाळा, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडलेला, आणि पायथ्याच्या एका वाड्यात रात्रीपुरती अडकलेली सात माणसं: धान्याचा व्यापारी, वैद्यीण, छावणीतनं पळालेला शिपाई, कीर्तनकार, अशी. त्यातल्या एकाकडं गडावर पोचवायची चिठ्ठी आहे. शिवाजी महाराज, बाजीप्रभू यांना कॅरेक्टर म्हणून घेतलं नाही आणि तुम्ही पण घेऊ नका असं मनापासून सांगतो, आदराचा भाग आहेच, पण त्यांनी पुढं काय केलं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, मग खेळणाऱ्याला स्वतःचं काही ठरवायला जागाच राहत नाही. साधी माणसं घ्या. त्यांचं काय होणार हे कोणालाच माहीत नसतंय.

कॅरेक्टरसाठी चार पानं लिहू नका, कोण वाचत नाही. तीन ओळी बास: याला आज काय पाहिजे, हा काय लपवतोय, आणि इथल्या कोणाशी याचं काय देणं-घेणं आहे. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती नसली की माणसं कोपऱ्यात एकटी बसून राहतात. वैद्यिणीनं व्यापाऱ्याच्या पोराला वाचवलंय आणि त्यानं पैसे बुडवलेत, एवढं जरी दिलं तरी दोघांना तासभर पुरतंय.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. आपण कुस्तीच्या गावातली माणसं, खासबागेत बसून वाढलेली, समोरच्याला चितपट केल्याशिवाय खेळलो असं वाटत नाही. लार्पमध्ये ते सोडायला लागतंय. आमच्या पहिल्या गेमला ज्याच्याकडं चिठ्ठी होती त्यानं ती इतकी भारी लपवली की तीन तासात कोणाला पत्ता लागला नाही, तो खूश, बाकीचे सहा जण मात्र नुसते पावसाबद्दल बोलत बसले. गुपित हे फुटण्यासाठी दिलेलं असतंय. पहिल्या तासात थोडं सांडा, बाराबंदीतनं कागदाचं टोक दिसू द्या, खोटं बोलताना अडखळा, की समोरच्याला काहीतरी करायला मिळतंय. पकडला गेलात तर अजून चांगलं, मग याचं काय करायचं म्हणून सगळा वाडा तुमच्याभोवती गोळा होतोय. दुसऱ्या वेळी त्याच मित्रानं अर्ध्या तासात एकीला विश्वासात घेऊन चिठ्ठी दाखवली आणि तिथनं जे भांडण पेटलं ते संपेपर्यंत कोण पाणी प्यायला पण उठलं नाही.

कपड्यांवर खर्च करू नका. सदरा, धोतर, आजीचं जुनं लुगडं, घोंगडं, घरात एवढं निघतंयच, आणि प्रभात फिल्म कंपनी जिथं १९२९ ला सुरू झाली त्या गावात आपण राहतो, ड्रेपरीवाले आहेत, एका दिवसाच्या भाड्यानं फेटे-अंगरखे मिळतात. चपला कोल्हापुरी घाला पण बैठ्या गेमला, पळापळ असली तर बूटच, नवं कातडं गवतावर सटकतंय.

दोन-तीन बैठे गेम झाले की मग लढाईचा विचार करा. तलवार घरी करता येते: अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, त्यावर एसीच्या पाइपला लावतात ती काळी फोमची नळी, वरनं कापडी टेप. पाइपचं तोंड टोपण लावून बंद करायचं आणि टोकाच्या पुढं दोन-तीन इंच नुसता फोम सोडायचा, यात काटकसर नाही, कारण पाइप फोम फाडून बाहेर येतो तो तिथनंच. बांबू वापरू नका, फुटला की त्याच्या चिरफळ्या होतात. खरं पातं तर अजिबातच नको, बोथट असलं तरी. झाल्यावर आधी स्वतःच्या मांडीवर जोरात मारून बघा, लागलं तर अजून फोम. डोकं, मान, जांघ इथं वार नाही, टोचायचं नाही, आणि वार लागायच्या आधी हात आखडता घ्यायचा. लागला की नाही हे ज्याला लागला तोच सांगतो, त्यावर वाद घालायचा नाही.

थांबायचा शब्द ठरवा आणि तो "थांब" ठेवू नका. आम्ही ठेवलेला. पहारेकरी पण "थांब, कोण हाय तिकडं" म्हणतोय आणि पाय मुरगळलेली पोरगी पण "थांब थांब" म्हणत होती, सगळ्यांना वाटलं काय ॲक्टिंग करायलीय. तेव्हापासून "कट". कट ऐकलं की जिथं आहे तिथं सगळ्यांनी उभं राहायचं. कोण रडत असलं आणि खरं की खेळातलं कळंना झालं तर गुपचूप बोटांचा गोल करून दाखवायचा, म्हणजे ठीक आहेस का, समोरनं अंगठा वर आला तर ठीक आहे, आडवा किंवा खाली आला तर त्याला बाजूला घेऊन जायचं, कारण विचारायचं नाही.

जागा. पन्हाळ्यावर 'तीन दरवाजा' म्हणून जो दरवाजा आहे तिथं खेळावं असं प्रत्येकाला वाटतंय, मला पण वाटतंय, पण तो संरक्षित किल्ला आहे, २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला आहे, परवानगी नसताना तिथं तलवारी घेऊन पळू नका. कोणाचा तरी वाडा, गच्ची, शेतातलं घर बघा. शेतात खेळणार असाल तर ऊस तुटलेलं रान नको, बुडखे पायात घुसतात. आणि गावात आधी सांगून ठेवा, पोलीस पाटलांना पण, नाहीतर रात्री फेटे बांधलेली माणसं ओरडताना बघून कोण पण घाबरंल.

गेम संपला की लगेच गाडीला किक मारून घरी जायचं नाही. कपडे बदला, चहा ठेवा, गोल करून बसा आणि प्रत्येकानं स्वतःच्या नावानं बोला: काय आवडलं, कुठं खरंच राग आला. तीन तास ज्यानं तुम्हाला फितूर म्हणून शिव्या घातल्या त्याच्याबद्दल थोडी अढी मनात राहते, लार्पवाले याला ब्लीड म्हणतात, ती तिथंच बोलून मोकळी करायची. आमच्यात व्यापारी आणि वैद्यीण झालेल्या दोघांनी पहिल्या वेळी हे टाळलं आणि आठवडाभर एकमेकांशी नीट बोलले नाहीत. आता चहा झाल्याशिवाय आम्ही कोणाला सोडत नाही, आणि पुढची गोष्ट कोण लिहिणार ते पण तिथंच ठरतंय, शक्यतो ज्यानं आजवर लिहिलेली नाही त्याला देतो.