गोधडी शिवणाऱ्या बाईला दाद कशी द्यायची

मागच्या दिवाळीत पुण्याहून एक मुलगी तिची गोधडी न्यायला आमच्या घरी कराडला आली. तिच्या आजीच्या दोन नऊवारी लुगड्यांची गोधडी, वरून अबोली, खालून निळी. मला वाटलं, बघेल, पैसे देईल आणि जाईल. तिनं सोप्यात घडी उलगडली, गोधडी उलटी केली, खालच्या बाजूवरून तळहात फिरवत आली आणि एका कडेशी थांबली. म्हणाली, "काकू, आजीचा काठ तुम्ही डोक्याकडे घेतलाय." त्या काठाचं काय करावं, यात माझा एक अख्खा दिवस गेला होता. पायाशी आला असता तर मला झोप लागली नसती. तिला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं, तिनं बघितलं आणि ओळखलं. मला तिथंच भरून आलं.

तीस वर्षं मी गोधड्या शिवते आहे. मनापासून काही बोलायचं असतं, पण शब्द सुचत नाहीत आणि "छान झालीय हं" वर गाडी थांबते, अशी माणसं मी खूप बघितलीत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी गोधडी उलटी करा. वरच्या बाजूला शिवणारी जे दाखवते ते दिसतं, खालच्या बाजूला तिचा हात दिसतो. वरचं आणि खालचं लुगडं, मध्ये जुन्या धोतराचे, साड्यांचे तीन-चार थर, हे सगळं एकाच धावदोऱ्यात पकडायचं असतं. आम्ही जमिनीवर पसरून आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घेतो, मग कडेपासून सुरू करून चौकोनातच आत आत येतो. थर जरासा सरकला की मधोमध फुगा येतो, आणि तो शेवटी कळतो, सगळं शिवून झाल्यावर. म्हणून "मध्ये कुठंच फुगा नाही, कशी सपाट बसलीय" हे वाक्य कुठल्याही गोधडीवालीला सांगा, तिचा चेहरा उजळतो.

टाके मोजून बघा. खरंच मोजा, पट्टी लावून. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी घ्या. दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर असेल तर धावदोरा 840 फूट होतो. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजार टाके. शेवटाकडं थर जाड होतात, सुई जात नाही, मग दाभण घ्यावं लागतं आणि बोटाला घट्टा पडतो. माझ्या भाच्यानं एकदा हा हिशोब कागदावर मांडून मला दाखवला आणि म्हणाला, "मावशी, तीस हजार वेळा तू सुई वर काढलीस." आजवर माझ्या कामाची कुणी एवढी मोठी पावती दिलेली नाही.

मग कापडाबद्दल विचारा. "हे कुणाचं?" एवढाच प्रश्न पुरतो. गोधडीतल्या प्रत्येक तुकड्याला माणूस असतो. हे हिरवं थोरल्या जावेचं डोहाळजेवणाचं, ही पट्टी सासऱ्यांच्या सदऱ्याची, हा दंड घातलेल्या, म्हणजे विरलेला भाग काढून जोडलेल्या लुगड्याचा चांगला राहिलेला अर्धा भाग. विचारलंत की ती बोलायला लागेल, आणि तिला बोलू देणं हीच दाद. तिनं सुती कापडच का निवडलं, तेही विचारा. नायलॉन आत घातलं तर सरकतं आणि घामही टिपत नाही. म्हणून लोकांनी आणलेल्या गाठोड्यातून आम्ही अर्धं कापड बाजूला काढतो. ती निवड कुणाच्या लक्षात येत नाही, तुमच्या आली तर तिला फार बरं वाटेल.

दोन वाक्यं मात्र टाळा. एक म्हणजे "अगदी मशीनवर मारल्यासारखी दिसते!" बोलणाऱ्याचं मन स्वच्छ असतं, मला माहीत आहे. पण हाताचा टाका जरा मागंपुढं होतो म्हणून तर गोधडी मऊ पडते आणि अंगाला लपेटते. त्यापेक्षा "हात किती एकसारखा आहे तुमचा" म्हणा. दुसरं वाक्य पैशाच्या वेळी येतं, "साड्या तर जुन्याच होत्या ना?" एका प्रदर्शनात एका बाईंनी मला हे चार लोकांत ऐकवलं. घरी येऊन दोन दिवस मी सुई हातात धरली नाही. साड्या जुन्या असतात, पण त्या गोधडीसाठी आम्ही चौघीजणी वीस दुपारी अंगणात बसलेलो असतो. ठरलेले पैसे घासाघीस न करता हातात ठेवणं, ही दादच आहे.

नातं बघून बोला. सख्ख्या आजीला "आजी, तुझ्या गोधडीत शिरलं की तुझ्या कुशीत आल्यासारखं वाटतं" म्हटलेलं चालतं. सासूबाईंना त्यांच्या बहिणींसमोर सांगा, "आमच्या आत्यांच्या हातचा टाका बघा." चारचौघांत सुनेनं केलेलं कौतुक बायका वर्षानुवर्षं विसरत नाहीत. ओळख नसलेल्या बाईकडून शिवून घेतली असेल तर पोचल्याच्या दिवशी फोन करा. मेसेज लिहायचा असेल तर असं काही लिहा: "ताई, गोधडी पोचली. पिवळ्याशेजारी जांभळा चौकोन घेतलात, तो आईला फार आवडला. काल रात्री तिनंच पांघरली." आवडलेली एक वस्तू नाव घेऊन सांगायची, बाकी शब्द साधे असले तरी चालतात.

कापड आणि हात बदलले की दाद देण्याची जागाही बदलते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी शिवतात, ती त्यांची गोधडीच. तीही कडेकडून आत येते, पण चारी कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी-नागडी, असं त्या मानतात. तुमच्याकडं कवंदी आली तर आधी कोपऱ्यांकडं बघा आणि फुलांविषयी बोला.

आणि गोधडी वापरा. "इतकी सुंदर आहे, कपाटातच ठेवलीय" असं लोक प्रेमानं सांगतात आणि माझ्या पोटात तुटतं. ती अंथरा, लेकराला तिच्यावर लोळू द्या. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेतात, धुतात आणि खडकांवर वाळत घालतात. लांबवर नुसते रंग दिसतात. शिवणारीला खरी काळजी असते ती या पहिल्या धुण्याची. रंग जाईल का, दोरा आवळून गोधडी चुरगळेल का. तेव्हा धुऊन झाल्यावर तारेवरच्या गोधडीचा फोटो पाठवा. दोन वर्षांनी आठवणीनं कळवा, "दोन पावसाळे झाले, एक टाका उसवला नाही." विरली तर टाकू नका, तिच्याकडंच परत न्या. जुनी गोधडी आत भरून वर नवं लुगडं घालता येतं.

म्हाताऱ्या हातांच्या गोधडीला दाद देणं सगळ्यात अवघड. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, शेवटची गोधडी शिवली तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं. एक टाका तांदळाएवढा, दुसरा बोटाच्या पेराएवढा, ओळी तिरक्या गेलेल्या. ज्या बाईनं मला टाका शिकवला, तिला "बारीक शिवलंय" म्हणून खोटं कसं सांगायचं? आणि खरं तरी कसं सांगायचं? मी म्हटलं, "आत्या, ही कुणाला द्यायची नाही. ही मी घेणार." त्या काही बोलल्या नाहीत. माघाचे दिवस होते, मी त्याच रात्री ती पांघरली. पहाटे चुलीपाशी आले तर त्या आधीच उठून बसल्या होत्या.

"रात्री थंडी वाजली का गं?"

"नाही वाजली आत्या," मी म्हटलं. "पाय पण गार पडले नाहीत."