कुठल्या कामाला जास्त मान द्यायचा, हे कसं ठरवायचं?

डॉक्टर, सैनिक, शिक्षक ही यादी सगळ्यांना पाठ असते, ती जरा बाजूला ठेवा, पगार आणि डिग्री पण बघू नका. आधी एवढंच विचारा की हे काम उद्यापासून बंद पडलं तर किती दिवसांत आपली बोंब होईल. न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये सफाई कामगार संपावर गेले तर ९ दिवसांत रस्त्यांवर जवळपास १ लाख टन कचरा साचला!

मग बघा जिवाला धोका किती. गटारात उतरणाऱ्याचंच घ्या ना, तिथे हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी गॅस असतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण गॅस वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे माणसाला वाटतं गॅस गेला आणि तो खाली उतरतो. माझ्या मते पहिला नंबर यांचाच, कुणाला पटो न पटो. (आणि मान म्हणजे हारतुरे नव्हे हो, मशीन आणा, माणूस उतरवूच नका.)

तिसरं म्हणजे काम कुणाला दिसतं का. नर्स अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला रात्रभर साधारण दर २ तासांनी कुशीवर वळवते म्हणून पाठीला जखमा होत नाहीत, आता न झालेल्या जखमेबद्दल थँक्यू कोण म्हणणार, डिस्चार्जच्या वेळी सगळे हात जोडतात ते डॉक्टरांसमोर.

शेतकरी, ड्रायव्हर वगैरे याच तीन प्रश्नांवर तपासून बघा. आणि सुरुवात म्हणून, रोज कचरा नेणाऱ्याला ‘ए कचरावाला’ न म्हणता नाव विचारा.