पंप करूनही दूध कमी निघतंय? लाडू नंतर, आधी या चुका टाळा

बाळ दीड-दोन महिन्यांचं आणि ब्रेस्ट पंपाच्या बाटलीत दूध जेमतेम ३० मिली. तेवढ्यावर घरात निकाल लागतो: ‘हिला दूधच नाही.’ मग हळिवाची खीर होते, शतावरीचा डबा येतो, शेजारच्या काकू मेथीचे लाडू पाठवतात आणि आठवडाभरात वरचं दूध सुरू. या धावपळीत पंप उघडून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे तपासण्याचा क्रमच उलटा आहे. आधी आकडा खरंच कमी आहे का ते बघा, मग यंत्र, मग घड्याळ, मग तब्येत. स्वयंपाकघराची पाळी सगळ्यात शेवटी.

बाटलीतला आकडा बघून घाबरणं

फक्त आईच्या दुधावर असलेलं एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं. काही बाळं याहून बरीच कमी पितात, काही बरीच जास्त, आणि दोन्ही छान वाढतात. पहिल्या महिन्यानंतर ही गरज फारशी वाढत नाही, त्यामुळे ‘आता चार महिन्यांचा झाला, एका वेळी २०० मिली तरी लागणारच’ हा हिशेब चुकीचा. आठ वेळा पिणाऱ्या बाळाला एका वेळी शंभरेक मिली पुरतं.

बाळाला अंगावर पाजून लगेच पंप लावला, तर दोन्ही बाजूंचं मिळून १५ ते ६० मिली निघणं नेहमीचंच आहे. ते बाळ पिऊन उरलेलं दूध असतं. शिवाय सकाळी जास्त निघतं, संध्याकाळी कमी. फ्रीझर भरून दुधाच्या पिशव्या रचलेले फोटो बघून स्वतःची तुलना करू नका. त्यातल्या कित्येकींना गरजेपेक्षा जास्त दूध येत असतं आणि त्याचा त्रास वेगळा.

दूध पुरतंय की नाही हे बाळ सांगतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू, दोन आठवड्यांच्या आत जन्मावेळचं वजन परत आणि पुढचे तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. हे होत असेल, तर पंपाच्या बाटलीकडे जरा कमी बघा. होत नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

खोक्यातून आला तोच फ्लँज वापरणं

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि लक्ष सर्वात कमी इथे जातं. फ्लँज म्हणजे स्तनावर बसवायचा नसराळ्याच्या आकाराचा भाग. बहुतेक पंपांसोबत २४ किंवा २८ मिलिमीटरचा येतो. पण अनेक बायकांना त्याहून बरंच लहान माप लागतं, अगदी १५ ते २१ च्या दरम्यानचंही. हे माप स्तनाच्या आकारावर नाही, स्तनाग्राच्या जाडीवर ठरतं.

घरात कंपासपेटी असेलच. त्यातली पट्टी घ्या आणि पंप करण्याआधी स्तनाग्राच्या बुडाशी किती मिलिमीटर भरतात ते मोजा. भोवतीचा गडद भाग मोजायचा नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, कारण डावी-उजवीत फरक असतो. मग त्या मापाचा किंवा त्याहून किंचित मोठा फ्लँज लावून बघा. नवीन फ्लँज महाग पडत असेल, तर आहे त्याच फ्लँजमध्ये बसणारे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, ते स्वस्त पडतात.

पंप चालू असताना त्या नळीत वाकून बघा. फक्त स्तनाग्र मोकळेपणाने पुढे-मागे होत असेल, तर माप ठीक. गडद भाग बराचसा आत ओढला जात असेल, तर फ्लँज मोठा आहे. स्तनाग्र कडांना घासत असेल आणि पंप काढल्यावर पांढरं किंवा चेपलेलं दिसत असेल, तर लहान आहे. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत सूज उतरते आणि माप बदलतं, म्हणून एकदा मोजलं की झालं असं समजू नका.

‘पंप बिघडला’ की शंभर-दोनशे रुपयांचा व्हॉल्व्ह?

काल ९० मिली, आज ५०, आणि तुम्ही केलेलं काहीच बदललेलं नाही. अशा वेळी आधी व्हॉल्व्ह काढा. बदकाच्या चोचीसारखा तो सिलिकॉनचा तुकडा उजेडासमोर धरा. टोकाची चीर पूर्ण मिटलेली दिसली पाहिजे. फटीतून उजेड येत असेल, कड फाटली असेल किंवा सिलिकॉन चिकट झालं असेल, तर तो फेकून द्या. दिवसातून सात-आठ वेळा पंप करणाऱ्यांचे व्हॉल्व्ह महिन्या-दोन महिन्यांत ढिले पडतात आणि ओढ हळूहळू कमी होते. इतकी हळू की लक्षातच येत नाही. वाटतं, दूधच आटलं.

व्हॉल्व्हच्या चिरेत ब्रशची काडी किंवा टाचणी घालून साफ करू नका, त्यानेच ती मोठी होते. कोमट पाणी, सौम्य साबण, बोटांनी हलकं चोळणं, बस. नळीत पाण्याचे थेंब असतील तर वाळवा. कपड्यांच्या आत घालायचे छोटे पंप सोयीचे असतात, पण सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. सुरुवातीचे आठवडे शक्य असेल तर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा डबल पंप बरा. अनेक हॉस्पिटलं आणि वैद्यकीय साहित्याची दुकानं तो भाड्याने देतात.

जोर वाढवला की दूध वाढेल?

नाही. दुखलं की शरीर आखडतं आणि पान्हा फुटत नाही. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन हे हार्मोन लागतं आणि वेदनेत, धास्तीत ते अडतं. ओढ तुम्हाला सोसेल तितकीच ठेवा. चेहरा वाकडा होत असेल तर दोन पायऱ्या खाली या.

आणखी एक गोष्ट राहून जाते. विजेच्या बहुतेक पंपांना दोन मोड असतात: सुरुवातीचा भरभर आणि हलका, नंतरचा संथ आणि खोल. बऱ्याच जणी पहिला मोड दोन मिनिटं वापरतात आणि मग शेवटपर्यंत दुसराच. धार थांबून नुसते थेंब पडायला लागले की पुन्हा पहिल्या मोडवर या, दुसरा पान्हा फुटेल. एकूण पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

आणि हात वापरा. पंप लावण्याआधी हलकं चोळा, पंप चालू असताना स्तन बाहेरून आतल्या दिशेने हळूच दाबत राहा, शेवटी मिनिटभर हाताने काढा. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. जेन मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या आयांना हेच शिकवलं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दूध जवळजवळ निम्म्याने वाढलं. यासाठी एक पैसा लागत नाही. दोन्ही फ्लँज जागेवर धरणारी ब्रा असली की हात मोकळे राहतात. जुन्या स्पोर्ट्स ब्राला दोन भोकं पाडूनही काम भागतं.

‘भरू दे, मग काढू’

दूध साठवून ठेवलं की एका वेळी जास्त निघतं, म्हणून फायदा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात भरलेला स्तन दूध बनवणं मंदावतो. रिकामा झालेला भरभर बनवतो. त्यामुळे एका वेळी १२० निघालं की ६० यापेक्षा चोवीस तासांत एकूण किती निघालं हे लिहा.

बाळ अंगावर अजिबात पीत नसेल, तर पहिले दोन-तीन महिने चोवीस तासांत आठ वेळा पंप व्हायला हवा. दर तीन तासांनी गजर लावायलाच हवा असं नाही. सकाळी दोनदा जवळजवळ करा, दुपारची झोप घ्या, पण आठचा आकडा गाठा. रात्री सलग पाच तासांपेक्षा जास्त खंड नको. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री चढतं, म्हणून मध्यरात्रीनंतरचा एक पंप दिवसाच्या एका पंपापेक्षा मोलाचा.

आणि इथेच माया आडवी येते. रात्री अडीचला बाळ रडतं, बाळंतिणीची आई उठते आणि म्हणते, ‘तू झोप गं, मी बाटली देते त्याला.’ लेक झोपते, सकाळी उठते तेव्हा स्तन दगड झालेले. असं रोज झालं की पंधरा दिवसांत दूध घटलेलं दिसतं आणि मग तीच आई खीर करायला घेते. आईला दोष नाही, तिने जीव लावूनच केलं. पण वाटणी बदला: बाळाला वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने आजीने पाजावं, त्याच वेळी बाळंतिणीने पंप लावावा आणि भाग धुण्याचं काम नवऱ्याने करावं. जेव्हा जेव्हा वरचं दूध दिलं जाईल, तेव्हा तेव्हा एक पंप व्हायलाच हवा.

नोकरीवर परतताना हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. विरारहून निघून चर्चगेटला पोहोचेपर्यंत, डोंबिवलीहून सीएसएमटीला येईपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. निघायच्या अगदी आधी एकदा, ऑफिसात दोन-तीनदा, घरी येताच बाळाला अंगावर. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी वेळ मिळण्याची तरतूद कायद्यात आहे; त्याच वेळात पंप होऊ शकतो. कडी लागणारी खोली हवी, हे रुजू व्हायच्या आधीच एचआरला लिहून कळवा. टॉयलेटमध्ये बसून पंप करायची वेळ आली, तर पंधरा दिवसांत कंटाळून बंद होतं.

पॉवर पंपिंग दोन दिवसांत सोडणं

वीस मिनिटं पंप, दहा थांबा, दहा पंप, दहा थांबा, दहा पंप. दिवसातून एकदा, एक तास. बाळ वाढीच्या टप्प्यात सारखं सारखं पितं, त्याची ही नक्कल. पहिल्या दिवशी कदाचित जास्तीचं काहीच निघणार नाही, मधल्या वेळात कोरडाही चालेल. फरक दिसायला बहुतेकदा तीन दिवस ते आठवडा लागतो. मात्र चुकीच्या मापाच्या फ्लँजने हा प्रयोग केलात, तर जखमा तेवढ्या मिळतील.

आता लाडू

खा, जरूर खा. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि हळिवाचे, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपू, लसणाची चटणी हे सगळं पोषणासाठी उत्तमच. पण स्तन रिकामे होत नसतील तर लाडवाने दूध येत नाही. मेथीदाण्याचे औषधी डोस किंवा कॅप्सूल घेताना जपा: मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवूनही दूध वाढत नाही, तहानेइतकं प्या. उलट, काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ते मात्र बंद करा.

सगळं नीट असूनही कमी असेल तर

मग शरीराकडे वळा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा विकार), स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही कारण असू शकतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध घटतं, आणि सर्दीच्या काही गोळ्यांमधल्या स्यूडोएफेड्रिननेही. कोणत्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी घेऊनच डॉक्टरांकडे जा. दूध वाढवायला काही जणींना दिलं जाणारं डोंपेरिडोन मैत्रिणीला लागू पडलं म्हणून केमिस्टकडून आणू नका; हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचं औषध आहे. स्तनावर लाल, गरम, दुखरी गाठ आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा.

बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल आणि तुमचं दूध अजून पुरेसं येत नसेल, तर पावडरच्या दुधाचा डबा उघडण्याआधी तिथल्या सिस्टरना मानवी दूध पेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आज राज्यातल्या आणखी काही रुग्णालयांतही अशी सोय आहे. तपासून, पाश्चराइझ करून दिलेलं ते दूध बाळाला मिळत असतानाही तुमचा आठ वेळांचा पंप चालू ठेवायचा आहे.