मालाचा कोड तोच, तरी सर्व्हर म्हणतो ‘नाही’? ओळीचा शेवट बघा

म्हापशातल्या एका काजूच्या दुकानाचं बिलिंग विंडोजवर, साठ्याचा हिशेब लिनक्स सर्व्हरवर. रोज रात्री सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) जायची आणि सर्व्हर प्रत्येक ओळीला ‘असा माल नाही’ म्हणायचा. डोळ्यांना मालाचे कोड तंतोतंत सारखे. दोन संध्याकाळी मी नेटवर्कलाच शिव्या घालत बसलो.

गोम ओळीच्या शेवटी होती. विंडोजवरचे प्रोग्राम ओळ संपवताना सहसा दोन बाइट लिहितात, १३ आणि १०. लिनक्सला नुसता १० पुरतो. मालाचा कोड शेवटच्या रकान्यात, म्हणून तो न दिसणारा १३ त्याला चिकटून यायचा. फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट सोळाच्या अंकपद्धतीत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की ‘०डी ०ए’ (तेच १३ आणि १०) लगेच सापडतं. घेणाऱ्या प्रोग्रामनेच ओळ ट्रिम करावी, म्हणजे कडेची न दिसणारी अक्षरं छाटावी. पाठवणाऱ्याच्या भरवशावर राहू नका.

पहिल्याच रकान्याचं नाव जुळत नसेल, तर सुरुवातीचे तीन बाइट तपासा. ‘ईएफ बीबी बीएफ’ दिसले तर ती यूटीएफ-८ ची (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या एका पद्धतीची) खूण, एक्सेलने घातलेली असू शकते. ती काढून टाका.

नव्या कामात मी सीएसव्हीच्या वाटेला जातच नाही, एचटीटीपीवरून (वेब ज्यावर चालतं त्या पद्धतीने) जेसन पाठवतो, म्हणजे प्रत्येक माहिती तिच्या नावासकट लिहिलेला मजकूर. त्यात ओळ कशीही संपली तरी चालते. वेळेसोबत मात्र +०५:३० हा यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक लिहाच. सर्व्हर यूटीसीवर असला, तर पहाटे पाचला पोदेराने (पाववाल्याने) नेलेले पाव आदल्या तारखेत जमा होतात.