फेरेटला झाडपाल्याचं औषध देण्याआधी

इंदूरच्या मराठी घरात कुणाला बरं नसलं की पहिला उघडतो तो आजीचा डबा: सुंठ, ज्येष्ठमध, ओवा, नाहीतर सियागंज बाजारातून आणलेली एखादी मुळी. माणसांचं ठीक आहे, पण फेरेटसाठी, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या त्या छोट्या पाळीव प्राण्यासाठी, तो डबा उघडताना थांबा. हा प्राणी अस्सल मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. पाल्याचा चोथा त्याला पचत नाही, आणि पुष्कळ औषधी द्रव्यांचा निचरा करायला त्याच्या यकृताला मांजरासारखाच वेळ लागतो.

१. वजनाची वही ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पसरट डबा ठेवा, त्यात फेरेटला बसवा आणि आकडा लिहा. आठवड्यातून एकदा पुरे. थंडीत वजन वाढतं, उन्हाळ्यात उतरतं, त्याने घाबरू नका. माणसाच्या डोसाला वजनाने भागून फेरेटचा डोस काढण्याचा हिशोब मात्र चुकीचा. फरक नुसत्या आकाराचा नाही.

२. कशासाठी देताय ते आधी ठरवा. खरी गफलत इथेच होते. मागचे पाय लटपटतात, तोंडातून लाळ येते, पंजाने तोंड खाजवतो, नजर एका जागी लागते. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय, बोटभर च्यवनप्राश चाटव.’ चाटवल्यावर तरतरीतही होतो! पण ही लक्षणं बहुधा इन्सुलिनोमाची, म्हणजे स्वादुपिंडातल्या गाठीची असतात. गोड पोटात गेलं की ती गाठ आणखी इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर पुन्हा कोसळते. मेथी, कारलं, गुडमार तर साखर उतरवणारेच. त्यांचा विचारही नको.

शेपटीपासून केस गळत वर सरकत असतील तर दोष बहुतेक वेळा मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीचा असतो. तिथे माक्याचं तेल काय करणार? अशा नराला लघवी होईनाशी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्या होताहेत आणि शी बंद आहे, असं दिसलं तर चपलेचं रबर गिळलंय का ते पाहा. इसबगोल किंवा एरंडेल देत बसलात तर वेळ हातचा जातो.

३. लेबल शेवटपर्यंत वाचा. ‘आसव’, ‘अरिष्ट’ म्हणजे आत मद्यार्क असतो. भस्म असेल तर त्यात धातू असू शकतो. सिरपात साखर, ‘शुगर-फ्री’ असेल तर कदाचित झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य), आणि ते साखरेहून घातक. लसूण-कांदा कुठल्याही रूपात नको, तांबड्या पेशी फुटतात. टी ट्री तेल, लवंगतेल, कापूर अंगालाही लावू नका. ज्येष्ठमध रोज दिला तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या छापील ओळीला मी तरी काडीचं महत्त्व देत नाही.

४. डॉक्टरांनी होकार दिला तरच, आणि एका वेळी एकच. चालू असलेल्या गोळ्या आधी सांगा, विशेषतः प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. पहिले काही दिवस खाणं, शी, झोप यांवर नजर ठेवा. शी काळी डांबरासारखी झाली किंवा खाणं सुटलं तर झाडपाल्याचं औषध लगेच बंद.

आणि मे महिन्यात ‘थंडावा’ म्हणून गुलकंद नको. फेरेटला घाम येत नाही. तिशीच्या पुढचा पारा त्याला सोसत नाही, आणि आपल्याकडे तर चाळीस ओलांडतो. त्याला गार खोली लागते.

५. अचानक बिघडला तर. झटके आले किंवा शुद्ध हरपली तर हिरड्यांना थोडा मध चोळा (बोट चावलं जाणार नाही हे पाहा) आणि तडक निघा. एरवी वर्ज्य असलेला मध इथे वेळ मारून नेतो, बरं करत नाही. फेरेट हाताळलेला डॉक्टर कोण, हे आजच विचारून ठेवा. शहरात सापडला नाही तर जवळच्या महू गावातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. जाताना वजनाची वही आणि जे दिलं त्याचा डबा सोबत घ्या. रक्तातली साखर तपासायची असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते फोनवर विचारा. माणसासारखं रात्रभर उपाशी ठेवलेलं फेरेटला झेपत नाही.