रेघ ओढण्याआधी अंतर: द्विमितीय संकल्पनाच्या पहिल्या वर्षाविषयी

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रांत आपण चौकट भरायला शिकलेलो असतो, त्यामुळे कोल्हापुरात उपयोजित कलेच्या पायाभूत वर्गात आल्यावर सारख्या आकाराचे काळे चौकोन पांढऱ्या कागदावर केवळ अंतर बदलून मांडण्याचा सराव अनेकांना कंटाळवाणा वाटतो. मलाही तो वाटला होता. परंतु जर्मन-भाषक मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ च्या निबंधात ठिपक्यांच्या साध्या रांगांवरून जे दाखवले, ते या सरावातच हाताला समजते: जवळची चिन्हे डोळा आपोआप एका गटात घेतो (हेच समीपतेचे तत्त्व) आणि त्यासाठी रेघ किंवा रंग लागत नाही.

याचा अभ्यास करायला राजारामपुरीतला वाढदिवसाचा कोणताही फ्लेक्स पुरेसा आहे. शुभेच्छुकांचे फोटो एकाच मापाच्या वर्तुळांत असल्यामुळे साम्याच्या तत्त्वाने (सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकत्र वाटतात) त्यांचा एक समूह होतो आणि मोठ्या फोटोतला सत्कारमूर्ती वेगळा उठून दिसतो. इथपर्यंत सहसा अडचण येत नाही. अडचण नावांची असते. नाव वरच्या आणि खालच्या फोटोपासून सारख्याच अंतरावर पडले, तर ते कोणाचे हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. अशा वेळी नवशिका प्रत्येक जोडीभोवती चौकट काढतो. उपाय चुकीचा नाही, कारण मानसशास्त्रज्ञ स्टीफन पामर यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या समान क्षेत्राच्या तत्त्वानुसार एका चौकटीतल्या गोष्टी एकत्र दिसतात आणि हा परिणाम समीपतेवरही मात करू शकतो. मात्र वीस चौकटी झाल्या की चौकटींचीच जाळी आधी दिसते. नाव आपल्या फोटोकडे थोडे सरकवले आणि दोन ओळींमधली जागा वाढवली, तर एकही रेघ न वाढवता तेच काम होते. ग्राहक मोकळ्या जागेवर आक्षेप घेतो, हे मात्र गृहीत धरावे.

आकृती (डोळ्याला पुढे दिसणारा आकार) आणि पार्श्वभूमी (त्याच्या भोवतीची मोकळी जागा) यांचा विचार डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये केला, आणि तो अक्षरांवर करून पाहणे सर्वांत फायद्याचे आहे असे माझे मत आहे. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना प्रत्यक्ष जोडते, म्हणून अक्षरांमधील अंतर थोडे कमीअधिक झाले तरी शब्द सुटत नाही. बोधचिन्हात शिरोरेषा काढून टाकण्याची हौस असेल, तर ही जोडणी जाते आणि शब्द एकसंध ठेवण्याचा सगळा भार समीपतेवर येतो. तेव्हा अक्षरे जवळ घ्यावी लागतात आणि दोन शब्दांमधली जागा त्यांच्या तुलनेत ठळकपणे मोठी ठेवावी लागते. सातत्य (डोळा रेषेचा ओघ पुढे नेतो) आणि पूर्णत्व (अपुरा आकार डोळा पुरा करतो) ही तत्त्वे पुढे बोधचिन्हांच्या कामात आपसूक येतात, पहिल्या सत्रात त्यांची घाई नको.

संगणकावर काम करतानाही मांडणी आधी काळ्या-पांढऱ्यात लावावी, पान लहान करून डोळे किलकिले करून पाहावे आणि गट वेगळे दिसत असतील तरच रंगांची पेटी उघडावी.